आबांची बंदूक कशाची होती?

परवान्याच्या वहीत आबांच्या बंदुकीबद्दल एकच ओळ आहे. रायफल, .२२ बोअर, बी.एस.ए., आणि पुढे नंबर. घरात तिच्याबद्दल आणखी एक ओळ आहे, ती तोंडी. ‘आबांची शिकारीची बंदूक.’

आबा कोल्हापूरकडचे. ते २००८ साली गेले आणि वारस म्हणून परवाना काकांच्या नावावर झाला. काका भाईंदरला राहतात, मी मीरा रोडला. काकांनी त्या बंदुकीतून एकही बार काढलेला नाही. निवडणूक आली की जमा करायची, संपली की आणायची, मुदत संपत आली की नूतनीकरणाचा अर्ज करायचा, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी त्यांनी ती मुंबईतल्या एका परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली आणि नंतर आणलीच नाही.

यंदा ते म्हणाले, “देऊन टाकू. मुकी जनावरं मारलेली वस्तू घरात कशाला? आणि दुकानदार म्हणतो, जुनाट माल आहे, फार काही मिळणार नाही.”

मी एनसीसीत .२२ चालवलेली होती, म्हणजे पोटावर झोपून मोजून पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्या भांडवलावर मी म्हणालो, “काका, द्यायच्या आधी एकदा नीट बघू तरी.”

दुकानात दुकानदाराने रायफल काउंटरवर ठेवली. आधी लिव्हर खाली ओढून आत काडतूस नाही हे मला दाखवलं, मगच हातात दिली. जुन्या बंदुकीची पाहणी इथूनच सुरू होते, आणि ती परवानाधारकाच्या किंवा दुकानदाराच्या देखत करायची असते.

लिव्हर ओढल्यावर काय हलतं?

या रायफलीला मॅगझिन नाही. चापाभोवतीची धातूची कडी मागे लांबून एक लिव्हर झालेली आहे. ती खाली ओढली की नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. बोटाने एक काडतूस आत सरकवायचं, लिव्हर वर घ्यायची, बार काढायचा. पुन्हा लिव्हर ओढली की रिकामं टरफल बाहेर येतं. दुसऱ्या गोळीसाठी सगळं पहिल्यापासून.

एकबारी रायफल कोणत्या घराण्यातली आहे हे ओळखायचं असेल, तर लिव्हर ओढल्यावर आतला पोलादी ठोकळा कसा हलतो ते बघायचं. तो सरळ उभा खाली गेला, तर ती जॉन ब्राउनिंगच्या रचनेवरची विंचेस्टर १८८५ सारखी रायफल. ठोकळा मागच्या टोकाला बिजागरीने बांधलेला असेल आणि त्याचं पुढचं टोक तेवढं खाली झुकत असेल, तर ती मार्टिनी.

आबांच्या रायफलीतला ठोकळा पुढून झुकला. म्हणजे मार्टिनी.

ही कल्पना मुळात अमेरिकेतल्या हेन्री पीबडीची. त्याचं पेटंट १८६२ चं. त्याच्या बंदुकीला घोडा बाहेर होता आणि तो हाताने ताणावा लागे. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या फ्रीड्रिख फॉन मार्टिनीने घोडा काढून ठोकळ्याच्या पोटात स्प्रिंगवर चालणारी सुई बसवली. आता लिव्हर ओढली की बंदूक आपोआप ताणली जाई. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये ‘मार्टिनी-हेन्री’ स्वीकारली. तिच्यातली ‘हेन्री’ म्हणजे नळीतल्या खाचांची रचना करणारा एडिंबरोचा अलेक्झांडर हेन्री. पुढे मॅगझिनच्या बंदुका आल्या आणि सैन्यातून मार्टिनी मागे पडली. तिची छोटी आवृत्ती मात्र निशाणीबाजीत टिकली, कारण तिथे दहा गोळ्या भराभर झाडण्याला किंमत नव्हती. चाप ओढल्यापासून सुई काडतुसावर आदळेपर्यंतचा वेळ मार्टिनीत फार थोडा असतो. तेवढ्यात हात कमी हलतो. नेम धरणाऱ्याला हेच हवं होतं.

फ्रेमच्या बाजूला तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चित्र कोरलेलं आहे. हा ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ म्हणजे बीएसएचा शिक्का. ही कंपनी १८६१ ची. आपल्याकडे अनेकांना बीएसए मोटारसायकलमुळे माहीत असते. त्या मोटारसायकलीही याच कंपनीच्या.

काडतुसाची कड

.२२ म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या शंभरातले बावीस भाग, साधारण ५.६ मिलिमीटर. पण खरी ओळख आकारात नाही, काडतूस पेटतं कुठे यात आहे.

मोठ्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक वेगळी टिकली असते आणि सुई तिच्यावर आदळते. .२२ मध्ये अशी टिकली नसते. पेट घेणारं मिश्रण टरफलाच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं, आणि सुई ती कड चिमटते. म्हणून या प्रकाराला रिमफायर म्हणतात. त्याची सुरुवात १८४० च्या दशकात पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेरने केली. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने .२२ चं काडतूस बाजारात आणलं. आज जगभर चालतं ते ‘.२२ लाँग रायफल’ १८८७ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने काढलं. म्हणजे आबांच्या बंदुकीचं काडतूस बंदुकीपेक्षा जुनं, आणि तरी आजही कारखान्यात तयार होणारं.

जुन्या मार्टिनीत हे तपासावंच लागतं. ठोकळ्याच्या तोंडावर सुईचं भोक मध्यभागी असेल तर बंदूक सेंटरफायर, कडेकडे सरकलेलं असेल तर रिमफायर. बीएसएने याच छोट्या फ्रेमवर ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी कॅडेटांसाठी .३१० च्या सेंटरफायर मार्टिनी बनवल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ नंतर .२२ करून घेतल्या गेल्या. मूळची .२२ आणि मागाहून झालेली .२२ यांतला फरक असा बारकाईने बघितल्यावरच कळतो. आबांच्या रायफलीत भोक कडेला होतं आणि दुसरं काही बुजवल्याची खूण नव्हती. ती मूळचीच .२२.

दुकानदाराने नळीच्या मागच्या तोंडाची कड भिंगातून दाखवली. तिथे सुईचा अगदी बारीक ओरखडा होता. रिमफायर बंदुकीत काडतूस नसताना चाप ओढत राहिलं, तर सुई थेट नळीच्या कडेवर आदळून खड्डा पाडू शकते. “जपून वापरलेली आहे,” तो म्हणाला. मघाशी ‘जुनाट माल’ म्हणणारा माणूस आता खुर्ची पुढे ओढून बसला होता.

मुकुटाखालची अक्षरं

वर्ष काढायला नळीवरचे छोटे ठसे उपयोगी पडतात. बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून प्रूफ हाउस आहे. बंदूक विकण्याआधी तिथे तिच्यातून नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून बघतात. नळी टिकली तर ठसा. १९०४ ते १९५४ या काळातल्या ठशांत मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ आणि ‘एनपी’ अशी रोमन अक्षरं असतात. त्यानंतर मुकुटाखाली एकत्र ‘बीएनपी’ येतं. आबांच्या रायफलीवर तीन वेगळे ठसे होते. म्हणजे १९५४ च्या आधीची.

मग आम्ही नळी मोजली. बरोबर २९ इंच. बीएसएच्या १२ नंबरच्या मार्टिनीला २९ इंची नळी असे. १३ नंबर हलकी, तिची नळी २५ इंची. १९३८ मध्ये ‘१२/१५’ हे नाव लागलेली पुढची आवृत्ती आली. पण नुसत्या टेपवर निकाल द्यायचा नसतो. एका रायफलीची नळी दुसरीवर चढवता येते, म्हणून नळी आणि फ्रेम यांवरचे आकडे जुळतात का, तेही बघायचं. आमचे जुळले, आणि वहीतल्या नंबराशीही जुळले.

लांब नळी नेम सुधारते असं आपल्याला वाटतं, पण .२२ च्या थोड्याशा दारूला एवढी नळी लागत नाही. लांब, जाड नळीचा फायदा वेगळा. पुढे वजन आलं की रायफल स्थिर राहते, आणि पुढची माशी डोळ्यापासून जितकी दूर तितकी नेमातली चूक लवकर दिसते. जंगलात दिवसभर खांद्यावर टाकून हिंडायचं असेल, तर हीच गोष्ट नकोशी होते.

इथे मला पहिल्यांदा शंका आली. शिकारीला निघालेला माणूस २९ इंची नळी कशाला घेईल?

पर्याय निवडणारा माणूस

त्या काळच्या टार्गेट रायफली आजच्या फोनसारख्या मिळत नसत, की मेमरी किती आणि रंग कोणता एवढंच विचारलं. अमेरिकेत स्टीव्हन्सच्या ‘आयडियल’ मालिकेत यंत्रणा तीच, पण ४४ नंबर साधी आणि ४९ नंबरची ‘वॉलनट हिल’ नक्षीदार. नळीचं वजन, दस्त्याची ठेवण, साइट, चाप हे सगळं गिऱ्हाइकाने कॅटलॉगमधून निवडायचं. बीएसएकडे साइटनाही स्वतंत्र नंबर होते. बर्मिंगहॅमच्याच पार्कर-हेलसारख्या कंपन्या वेगळ्या साइट विकत. आम्ही सॉफ्टवेअरवाले एकाच मूळ प्रोग्राममधून वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळं कॉन्फिगरेशन काढतो, तसाच हा प्रकार. म्हणूनच जुन्या टार्गेट रायफलीचं मॉडेल सांगून ओळख पुरी होत नाही. तिच्यावर काय काय बसवलंय ते सांगावं लागतं.

आबांच्या रायफलीला पुढे उघडी माशी नाही. एक छोटी नळकांडी आहे आणि तिच्या आत बारीक कडी. गोल काळं निशाण त्या कडीच्या मधोमध आणायचं. अशी साइट कागदी निशाणासाठी असते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात झाडीतून पळणाऱ्या डुकरावर ती कुचकामी.

मागची साइट नव्हतीच. पण फ्रेमच्या मागच्या बाजूला आटे पाडलेली दोन बारीक भोकं होती आणि तिथल्या पोलादाचा रंग आजूबाजूपेक्षा गडद होता. तिथे वर्षानुवर्षं काहीतरी बसवलेलं होतं. दुकानदाराने त्याच्याकडची एक तशी साइट आणून दाखवली. मध्ये बारीक छिद्र असलेली चकती आणि दोन बाजूंना टिकटिक वाजत फिरणाऱ्या घुंड्या. एक घुंडी वर-खाली, दुसरी डावी-उजवी.

काकांनी ती हातात घेतली, डोळ्याला लावली आणि एकदम म्हणाले, “अरे, ही आमची दुर्बीण!”

लहानपणी काका आणि आत्या असल्याच एका वस्तूशी खेळायचे. काच नसलेली दुर्बीण. परसात कुठेतरी हरवली म्हणून आबांनी आयुष्यात एकदाच काकांवर हात उगारला होता. “एवढ्याशा खेळण्यासाठी का मारलं, हे मला साठ वर्षं कळलं नव्हतं,” ते म्हणाले.

त्या खेळण्याचं काम काय होतं ते सांगतो. एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट. ५० मीटरवर एक मिनिट म्हणजे साडेचौदा मिलिमीटर. घुंडीची एक टिक पाव मिनिटाची असेल, तर गोळी साधारण साडेतीन मिलिमीटर सरकते. आजच्या ५० मीटरच्या निशाणावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे तीन टिका इकडच्या तिकडे झाल्या, तर मध्याच्या गोळीचा दहा हातचा जाऊ शकतो.

सागवानाचा तुकडा

पण घाई करून चालणार नव्हतं. रायफल आबांनी नवी घेतलेली नाही. वहीतली पहिली नोंद १९६३ ची, आणि खरेदी जुन्या मालाची. नळी, माशी, साइट हे पर्याय तिच्या पहिल्या मालकाने निवडले असणार. पहिला मालक निशाणीबाज होता म्हणून आबाही होते, असं कसं म्हणणार?

अशी रायफल जन्माला येण्याचं कारण आपल्या देशाबाहेरचं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ मध्ये, ब्रिटिश शिपायांचा नेम किती कच्चा आहे हे उघड झालं. मग लॉर्ड रॉबर्ट्ससारख्यांच्या पुढाकाराने इंग्लंडभर ‘मिनिएचर रायफल क्लब’ निघाले. गावातल्या सभागृहातही चालेल एवढी लहान, स्वस्त काडतुसाची .२२ त्यासाठी हवी होती. बीएसएने तीच मागणी पुरवली.

हिंदुस्थानात मात्र १८७८ चा शस्त्र कायदा होता. त्यात हिंदी माणसाला परवान्याची सक्ती, युरोपियनांना सवलत. १९२० नंतर विद्यापीठांच्या ट्रेनिंग कोअरमधून हिंदी विद्यार्थ्यांच्या हाती रायफल आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने एनसीसी सुरू झाली. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे संस्थापक-अध्यक्ष म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष, दादासाहेब गणेश वासुदेव मावळंकर. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची स्पर्धा आजही त्यांच्या नावाने होते. आबा त्याच सुमाराला कॉलेजात होते आणि एनसीसीत होते. त्यांचा गणवेशातला फोटो घरी आहे. पण फोटो म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा दस्त्यात होता. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, खांद्याला टेकणारी पट्टी धातूची. या दोघांच्या मध्ये सव्वा इंच जाडीचा एक तुकडा बसवलेला आहे आणि तो अक्रोडाचा नाही. रंग पिवळसर तपकिरी, रेषा सरळ. काकांनी नखाने खरवडून बघायच्या आधीच सांगितलं, “सागवान.”

हे इंग्लंडात झालेलं काम नाही. टार्गेट रायफलीचा दस्ता नेमबाजाच्या हाताच्या मापाचा लागतो. आखूड असेल तर मान आखडते आणि डोळा छिद्राच्या फार जवळ येतो. आबा सहा फुटांच्या वर होते. गावच्या सुताराकडून कुणीतरी उंच माणसाने दस्ता वाढवून घेतला होता. वर गालाच्या जागी पॉलिश गेलेलं होतं. तिथे एकच चेहरा पुन्हा पुन्हा टेकला होता.

आणि काडतुसाचा हिशोब तर साधाच होता. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, तिची ऊर्जा साधारण १४० जूल. सैन्याच्या .३०३ ची ३,१०० जूलच्या आसपास. या बंदुकीने ससा, तित्तर मारता येईल. आमच्या घरातल्या कथेतलं दाजीपूरच्या जंगलातलं रानडुक्कर नाही. शिवाय दाजीपूरचं अभयारण्य १९५८ चं, आबांच्या बंदुकीच्या आधीचं.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ते रविवारी सकाळी बंदूक घेऊन जायचे आणि रिकाम्या हातानं यायचे. आई म्हणायची, यांना शिकार काही जमत नाही.”

जुनं आणि निकामी

दुकानदाराने भाव वाढवून सांगितला. काकांनी त्याला फक्त विचारलं, “ही अँटिक म्हणून परवान्यातून सुटेल का?”

नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या पद्धतीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ज्यातून बार निघू शकत नाही अशांनाच. आबांच्या रायफलीतून आजही बार निघेल आणि तिचं काडतूसही मिळतं. कायद्याच्या दृष्टीने ती वस्तुसंग्रहालयातली नाही, चालती बंदूक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत पाच वर्षं केली. वारशाने आलेली बंदूकही त्या दोनमध्येच धरतात. काकांकडे ही एकच आहे.

मला वाटतं कायदा इथे बरोबर आहे, निदान एका अर्थाने. ती खरंच अजून चालू आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळालं. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. दोघांच्याही हातात .२२ रिमफायर होती, आणि एकबारी. आता लिव्हरच्या जागी बोल्ट आहे, लाकडाच्या जागी ॲल्युमिनियम आहे. पण नियमानुसार एक काडतूस घालायचं, एक बार काढायचा, पुन्हा घालायचं. कड चिमटायची सुई तीच, पुढची कडी आणि मागचं छिद्रही तेच.

काकांनी बंदूक विकली नाही. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे नूतनीकरणाचा अर्ज करायचं ठरलं आहे. तोवर ती दुकानातच आहे. निघताना ते मला म्हणाले, “तू जे जे बघितलंस ते एका कागदावर लिहून दे. वहीत ठेवतो. माझ्यानंतर कुणाला तरी लागेल.”

मी लिहून दिलं. मार्टिनी, छोटी फ्रेम, बीएसए, बहुधा १२ नंबर, १९५४ पूर्वीची. नळी २९ इंच. मूळची .२२ रिमफायर. पुढची साइट कडीची, मागची हरवलेली. दस्ता अक्रोडाचा, सव्वा इंच सागवान वाढवलेलं. कागदी निशाणासाठी वापरलेली.

शेवटचं वाक्य काकांनी माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं. ‘वापरलेली’च्या आधी त्यांनी दोन शब्द वाढवायला सांगितले. ‘आबांनी जपून.’